बुटकीची ओटी

रायभान धनगराचा उजवा हात कोपरापासून खाली नव्हता. तो कुठं गेला असं पूर्णा जंक्शनात कुणालाही विचारा, एकच उत्तर यायचं, "बुटकीनं खाल्ला." कसा खाल्ला, हे मात्र त्याच्या बायकोच्या, म्हाळसाबाईच्याच तोंडून ऐकावं. बाई सांगायला बसली की हातातली लोकर बाजूला ठेवायची, पदर खोचायची आणि डोळे मोठे करून म्हणायची, "हात गेला तर जाऊ द्या. धनी तर ऱ्हायला! म्या ऐन येळंला ओटी घेऊन पोचले, म्हणून तिनं हातावर भागवलं. न्हाईतर सबंध माणूस गिळला असता." ऐकणाऱ्या बायका तोंडाला पदर लावायच्या. रायभान शेजारी बसून सगळं ऐकून घ्यायचा आणि शेवटी मान डोलवून म्हणायचा, "खरं हाय तिचं."

खरं नव्हतं. पण ते नंतर.

बुटकी म्हणजे इंजिन. मोठ्या लढाईच्या दिवसांत जहाजातून आलेलं, अंगाला मातकट खाकी रंग फासलेलं. मेलगाडीची इंजिनं उंचपुरी, मागं कोळशाचा डबा घेऊन ऐटीत चालणारी. ही तशी नव्हे. हिचं पाणी दोन्ही कुशींना टाक्यांत, कोळसा पाठीशी, चाकं लहान आणि एकमेकांना दांड्यांनी जखडलेली. लढाईवाल्यांनी असली इंजिनं मुद्दाम बांधून घेतली होती. गावोगाव हिंडायचं नाही, पळायचं नाही. गोदीत, दारूगोळ्याच्या कोठारात, छावणीच्या यार्डात दिवसभर डबे ढकलायचे, ओढायचे, जोडायचे, तोडायचे. पुढं जशी जाते तशीच मागं, वळवून आणायची भानगड नाही. घाईघाईनं बांधलेली, लढाई संपेपर्यंत टिकली म्हणजे पावलं, एवढीच अपेक्षा. जगात कुठं कुठं गेली देव जाणे. एक आमच्या पूर्णेच्या फौजी साइडिंगला आली आणि लोकांनी पहिल्याच दिवशी तिचं बारसं केलं.

तिला एक खोड होती. कुशीतल्या टाक्यांमुळं ड्रायव्हरला धड पुढचं दिसायचं नाही, धड मागचं. मान बाहेर काढली तरी डब्यांच्या मधे शिरलेला माणूस दिसणं शक्यच नव्हतं. म्हणून बुटकीचा ड्रायव्हर माणूस बघायचा नाही, रंग बघायचा. शंटिंगच्या जमादारानं तांबडं निशाण धरलं की थांब. हिरवं हलवलं की चल. बाकी जगात काय चाललंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण इथूनच निघतं.

रायभान मूळचा ताडकळसकडचा. मेंढरं वळणारा माणूस, त्याला रेल्वेचं काय? पण फौजेला मटण लागायचं आणि मेंढरं काही केल्या डब्यात चढायची नाहीत. शिपाई काठ्या मारमारून दमले. रायभाननं एक म्हातारा एडका पुढं घातला, फळीवरून वर नेला, की मागची सगळी खाली मान घालून मुकाट्यानं आत. फौजेचा गोरा कप्तान खूश झाला. मग काय, आसपासच्या धनगरांची मेंढरं रायभानच्याच हातून चढायला लागली, आणि एका कोरड्या साली त्याचा स्वतःचा कळपही त्याच फळीवरून वर गेला. डब्याचं दार सरकलं तेव्हा आतून एडका ओरडला. रायभान त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन त्यानं काटेवाल्याची नोकरी धरली. मेंढरं गेल्यावर धनगरानं करायचं तरी काय?

काटेवाल्याचं काम म्हणजे रुळांचे काटे ओढायचे आणि डब्यांच्या मधे वाकून शिरून साखळी अडकवायची. आत शिरलेल्या माणसाचा जीव ड्रायव्हरच्या हातात. बुटकीवर ड्रायव्हर होता दस्तगीरमियां, नांदेडकडचा, तोंडात कायम पान. रायभानला तो म्हणायचा, "तू अंदर गया तो मैं सांस बी नै लेता रे." कोळशाच्या फावड्यावर चहा तापवायचा आणि अर्धा रायभानला द्यायचा. सख्खे भाऊ एवढे धड वागत नाहीत.

आता पूर्णेच्या रेल्वेत रीत अशी की खंडेनवमीला इंजिनांची पूजा व्हायची. झेंडूच्या माळा, नारळ, चाकाखाली लिंबू, त्या दिवशी यार्ड बंद. बुटकी आली त्या साली मात्र कप्तानानं नकार दिला. फौजेचं इंजिन, असल्या गोष्टी चालणार नाहीत म्हणाला. झालं! थोड्याच दिवसांत एका हमालाचं पाऊल तिच्या चाकाखाली चेंगरलं आणि यार्डभर बोलवा उठली, "उपाशी हाय ती. माणसावर टपलीय." म्हाळसाबाईच्या जिवाला घोर लागला. नवरा रोज तिच्याच पुढं वाकायचा ना! कामावर निघताना ती त्याच्या कपाळाला भंडारा लावायची आणि तो यार्डातून परत येईपर्यंत तिचं कशात लक्ष लागायचं नाही.

दुसऱ्या सालच्या नवमीला कप्तान नरमला. पूजा करा म्हणाला, पण चाऱ्याची गाडी आज भरून निघालीच पाहिजे, काम थांबणार नाही. शंटिंगचा जमादार व्यंकटराव, त्यानं मधला मार्ग काढला. "पूजा बी करा, काम बी करा. दोनी हात कशाला हायेत?" इथंच सगळ्यांनी माती खाल्ली. देवाचं करा नाहीतर पोटाचं करा. दोन्ही एका जागी एका वेळी करू नये, हे शहाणपण कुणाला सुचलं नाही.

म्हाळसाबाई ओटी घेऊन आली. ताटात नारळ, तांदूळ, हळकुंड आणि हिरवागार खण. तिच्या सासरची एक रीत होती. खण वाहायच्या आधी त्याची घडी मोडायची, झटकायचा, उन्हाकडं धरून बघायचा. भोक असलं, कसर लागलेली असली, तर ती ओटी देवीला पोचत नाही. सासूनं एकदा न बघता खण वाहिला आणि त्या साली मेंढरांत रोग शिरला, हे तिनं लग्न होऊन आल्यापासून ऐकलेलं. इथं तर नवऱ्याच्या जिवाचा प्रश्न. ती पाण्याच्या नळाजवळ उभी राहिली. तिथं ऊन चांगलं होतं.

त्याच वेळी रायभान डब्यांच्या मधे होता. साखळीला पीळ पडला होता, अडकत नव्हती. जमादार व्यंकटराव दोन्ही निशाणं काखेत गुंडाळून नारळ फोडायला वाकलेला. रायभाननं घाम पुसायला मान तिरकी केली तर चाकांच्या फटीतून त्याला बायकोची पावलं दिसली, जोडवी दिसली, आणि वर हिरवं काहीतरी फडफडलं. एकदा. दोनदा. त्याच्या तोंडून "अगं" एवढंच निघालं. वर दस्तगीरला डोळ्याच्या कोपऱ्यात हिरवं दिसलं. जोडणी झाली असं समजून त्यानं बुटकी मागं घेतली.

हात टकरा झेलणाऱ्या दोन बफरांच्या मधे गेला. सगळ्यांत आधी धावली ती म्हाळसाबाई. त्याचं डोकं मांडीवर घेतलं, खण त्याच्या हातावर करकचून बांधला, आणि त्याची शुद्ध जाईपर्यंत ती एकच बोलत होती, "म्या आले ना, म्या आले ना."

दवाखान्यात डॉक्टरनं कोपराखालचा हात काढला. चौथ्या-पाचव्या दिवशी कप्तान खाटेपाशी आला, सोबत दुभाषा. दस्तगीरला पहाऱ्यात बसवलं होतं. लढाईचे दिवस, फौजेचं काम. हलगर्जी शाबीत झाली की तुरुंग. तो बापडा एकच सांगत होता, "साब, हरा दिखा मेरेकू. अल्लाकसम, हरा दिखा." जमादार शपथेवर सांगत होता की निशाणं माझ्या काखेत होती. मग हिरवं दाखवलं कुणी? कप्तानाला तेवढंच पाहिजे होतं.

खिडकीबाहेर ओट्यावर म्हाळसाबाई बसली होती. आलेल्या बायकांना सांगत होती, आणि तिचा आवाज आत येत होता. "ओटी पोचली बघा. खण ओटीत न्हाई पडला तर धन्याच्या हातावर पडला. बुटकीनं तेवढ्यावर भागवलं." रडत होती, पण त्या रडण्यात एक समाधान होतं. माणूस वाचवल्याचं समाधान. रायभान छताकडं बघत पडून राहिला. खरं सांगावं तर दस्तगीर सुटेल. पण ही बाई? ही उद्यापासून त्याच्या तुटक्या हाताकडं कशी बघेल? कुणाच्या हातून काय झालं हे एकदा कळलं की कळलं, ते परत न कळलेलं करता येत नाही. आणि खरं दडवून गप्प बसावं, तर ज्यानं फावड्यावरचा अर्धा चहा दिला तो तुरुंगात सडणार.

"म्याच दावलं," रायभान म्हणाला. दुभाष्यानं परत विचारलं. "जमादाराचं जुनं हिरवं निशाण माझ्या कमरंला व्हतं. साखळी बसली असं वाटलं, बाहीर हात काढून हलवलं. चूक माझी."

कप्तानानं मान हलवली. चूक त्याची, म्हणून भरपाई नाही, नोकरी नाही, यार्डातली खोलीही सोडायची. हात तर गेलाच होता. आता आणखी काय जायचं राहिलंय, असा रायभाननं विचार केला. दस्तगीर सुटला.

सुटल्यावर दस्तगीर त्याला भेटायला आला. यार्डाच्या कुंपणाबाहेर कुडाची खोपटी घालून दोघं नवराबायको राहायला लागली होती. दस्तगीर घुटमळत म्हणाला, "रायभान, तू तो पीछे था. मैंने हरा नल के पास देखा." एवढ्यात म्हाळसाबाई पाणी घेऊन आली आणि तिनं नेहमीची कहाणी सुरू केली, "नळापाशी उभी व्हते बघा, खण उलगडून बघायले म्हणून..." दस्तगीरच्या हातातला तांब्या तसाच राहिला. त्यानं रायभानकडं बघितलं. रायभाननं डोळे मिटून मान हलवली, इतकी हळू की बायकोच्या ध्यानातही आलं नाही. दस्तगीर पाणी प्याला. "भाबी, तुमारी ओटीनेच बचाया," असं म्हणाला आणि उठून गेला.

त्या दिवसापासून गुपिताचे राखणदार दोघं झाले.

म्हाळसाबाई दर खंडेनवमीला नवा हिरवा खण घेऊन बुटकीकडं निघायची. ती आली की दस्तगीर आधी इंजिन बंद करायचा, चाकाखाली लाकडाचा ठोकळा घालायचा, खाली उतरून हात जोडून उभा राहायचा. बाई खण झटकायची, उन्हात धरायची, ओटी भरायची. घरी येऊन कौतुकानं सांगायची, "मुसलमान असून किती मान देतो बघा देवाला!" रायभान म्हणायचा, "देतो खरा." कुंपणाबाहेरून ती फडफड बघताना त्याच्या नसलेल्या बोटांत कळ यायची. हे कुणाला सांगणार? लोक हसले असते.

बाकी संसार तिनंच ओढला. लोकर कातली, घोंगड्या विणणाऱ्यांना दिली, दुसऱ्यांची शेरडं राखली. रोज सकाळी ती रायभानच्या डोक्याला पटका बांधायची, कारण एका हातानं पटका बांधता येत नाही. बांधताना गुणगुणायची. पटक्याची शेवटची घडी खोचून त्याच्या गालावर टिचकी मारायची. "झाला बघा माझा नवरदेव तयार." या एका टिचकीसाठी तो कप्तानापुढं शंभरदा खोटं बोलला असता.

लढाई संपली. पलटण गेली, कप्तान गेला, बुटकी इथंच राहिली. परत कोण नेणार तिला? रेल्वेवाले तिच्याकडून तीच डबे ढकलायची कामं घ्यायचे. सुटे भाग मिळेनात, म्हणून कुठं तारेनं आवळली, कुठं ठिगळ मारलं. शिट्टी घोगरी झाली. मग रझाकारांचे दिवस आले. बंदुका-भाले घेतलेल्या माणसांचे डबे बुटकीनं जोडले आणि ते डबे आसपासच्या गावांकडं गेले, आणि त्या गावांतून जे ऐकू आलं ते सांगवत नाही. माणसं दिवसाढवळ्या दारं लावून बसायची. म्हाळसाबाई कुंपणापाशी उभी राहून इंजिनाला शिव्या द्यायची, "कुणाचं पाप ढकलायलीस गं, भवाने?" दस्तगीर वर इंजिनात मान खाली घालून बसलेला. हुकूम त्याला आणि इंजिनाला सारखाच.

भादव्यात हिंदची फौज आली. निजामशाही बुडाली. लोकांनी साखर वाटली, झेंडे लावले, रायभानही डाव्या हातानं झेंडा धरून स्टेशनापर्यंत जाऊन आला. पण त्या आनंदाच्या पाठोपाठ दुसरंच काहीतरी सुरू झालं. जुलूम करणारे बहुतेक आधीच निसटले होते. सापडला तो हाताशी असलेला गरीब मुसलमान. एका सकाळी दस्तगीर दारात आला. मागं बुरख्यातली बायको, कडेवर लेकरू, एक गाठोडं. पान नव्हतं तोंडात. रायभान म्हणाला, "इथंच ऱ्हा. माझ्या खोपटीत कोण येतंय?" दस्तगीरनं मान हलवली. "नक्को रे. तुमपर बी आफत आयेगी." मग म्हाळसाबाई आत भाकरी बांधतेय असं बघून हळूच म्हणाला, "नवमीकू संभाल."

तो हैदराबादेला पोचला म्हणतात. नदीपलीकडंच संपवला असंही म्हणतात. रायभाननं दोन्हींतलं काहीच मानलं नाही, आणि पुन्हा त्याला तो दिसला नाही.

नवमी आली. फौजेनं बुटकी परत ताब्यात घेतली होती. सामानाच्या गाड्या येत होत्या आणि यार्डात डबे ढकलायला दुसरं होतंच कोण? ड्रायव्हर नवा, मनमाडकडून आणलेला. रायभान सकाळपासून बायकोच्या मागं लागला. "यंदा नगं जाऊस. फौजेचं हाय ते आता."

"राज बदललं म्हणून देव बदलतो व्हय?" तिनं ताट सजवलं. "उलट यंदा डबल ओटी भरली पायजे. एवढ्या धामधुमीत तुमी धड ऱ्हायलात."

"मग म्या येतो संगं. म्या पुढं व्हतो."

त्याचा बेत असा की आधी ड्रायव्हरला गाठायचं, इंजिन बंद करायला लावायचं, ठोकळा घालायला लावायचा. पण फाटकावरच्या शिपायानं त्यालाच अडवलं. कोण तू, हात कसा गेला, कुणाच्या बाजूचा? ताट घेतलेल्या बाईला मात्र हात जोडून वाट दिली. रायभान विनवण्या करत राहिला आणि ती पुढं गेली. पाण्याच्या नळाजवळ, नेहमीच्या जागी उभी राहिली. डब्यांच्या मधे एक काटेवाला वाकलेला होता, तो तिला दिसत नव्हता. तिनं खणाची घडी मोडली.

"म्हाळसे!" रायभान ओरडला.

त्याच्याहून मोठ्यानं वरून ड्रायव्हर ओरडला. त्याची नजर नशिबानं तिच्याकडंच होती. "ओ बाई! ते हिरवं आधी खाली करा! हलवू नका! आत माणूस हाय, हिरवं हललं की गाडी सुटती, ठाऊक न्हाई का? मारता का काय त्याला?"

म्हाळसाबाई उभीच राहिली. काटेवाला डब्यांच्या मधून बाहेर आला, तिच्याकडं रागानं बघत, हात झाडत. दोन्ही हात. तिनं त्या हातांकडं बघितलं. मग नळाकडं, मग इंजिनाकडं, मग फाटकावर उभ्या असलेल्या नवऱ्याच्या रिकाम्या बाहीकडं. वारं खणाला ओढत होतं. तिनं तो मुठीत गोळा केला, पोटाशी धरला आणि ताट तिथंच जमिनीवर ठेवून माघारी फिरली.

खोपटीच्या दारात ती थांबली.

"तवा... म्या खण झटकला तवा तुमी आत व्हता?"

कप्तानापुढं रायभान खोटं बोलला होता, दुभाष्यानं परत विचारल्यावरही बोलला होता. आता तोंडच उघडेना. ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली आणि तिला जे हवं ते कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पटका बांधायला आली. हातात बांगडी नव्हती. धनी जिवंत असताना रिकामे हात! रायभाननं ओरडून बघितलं, समजावून बघितलं, शेवटी रडला. "हिरवं नगं मला," एवढंच ती म्हणाली. पटका बांधला, शेवटची घडी खोचली, आणि गालाला हात न लावता आत गेली. शेजारच्या बायका कुजबुजल्या. बुटकीलाही थोड्याच दिवसांत फौजेनं कुठल्याशा यार्डात नेलं, आणि तिची पूजा, तिची कहाणी, दोन्ही बंद पडल्या.

पुढं एकदा ताडकळसच्या बाजारात लोकर घेऊन दोघं बसली होती. गिऱ्हाईक म्हणून आलेली कुणी अनोळखी म्हातारी रायभानच्या बाहीकडं बघून चुकचुकली. "कशात गेला बाई, धन्याचा हात?"

रायभाननं सवयीनं मान वर केली. म्हाळसाबाईनं लोकर खाली ठेवली, पण पदर खोचला नाही.

"माझ्या ओटीत गेला," ती म्हणाली.

म्हातारीला काही उमगलं नाही. रायभान घाईनं पुढं सरकला, डाव्या हातानं बायकोचं मोकळं मनगट झाकलं, आणि म्हातारीला नाही, तिलाच सांगायला लागला, "वारं लय व्हतं गं त्या दिवशी. वारं लय व्हतं."